डोंगरात ओरडत होतं ते

बाबा, या वर्षी सोडतीत माझं नाव लागलं. घराच्या नाही, शिकारीच्या. तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं की शिकारीला सोडत कशाला लागते. इथे लागते. मी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका शहरात राहतो, औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो, आणि शिकार आहे ती पार पश्चिमेला, कोलोरॅडो नावाच्या डोंगराळ राज्यात. तिथे राहणाऱ्यांना परवाना त्या मानाने लवकर मिळतो. माझ्यासारख्या बाहेरच्या राज्यातल्या माणसाने दर वर्षी अर्ज करायचा, 'रहिवासी नाही' या चौकटीत खूण करायची आणि नाव निघायची वाट बघायची. जनावर आहे एल्क. आपल्या सांबराच्याच भाऊबंदांतलं, पण आपल्या बैलापेक्षा उंच आणि भारी, मानेला काळपट आयाळ, आणि शिंगं एवढी की झाडीतून चालताना त्याला मान मागे टाकून चालावं लागतं. ते गाडीरस्त्यापासून फार आत, उंचावरच्या रानात असतं. मारलं तर तिथेच कापायचं आणि सगळं मांस पाठीवर घालून, खेपा करून खाली आणायचं. मांस रानात टाकून आलात तर तो तिथे गुन्हा आहे. हा नियम तुम्हाला आवडला असता असं मला वाटलं होतं, आणि तुम्हाला आवडेल अशी एखादी गोष्ट त्यात सापडली म्हणून मी स्वतःला बरंच काही माफ केलं होतं.

मला या नादाला लावलं माझ्या कामावरच्या मित्राने. त्याचं लहानपण त्याच डोंगरांत गेलं, वडिलांबरोबर तो दर वर्षी जायचा. त्याची एकच अट होती, येशील तर आपला वाटा आपण वाहायचा. मी पन्नाशीला आलोय, दिवसभर स्टुलावर बसून काचेच्या नळ्या बघतो, दोन जिने चढलो की धाप लागते. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं माझं सगळं मोकळं आयुष्य त्या एका आठवड्याच्या तयारीत गेलं. पाठीवर ओझं घेऊन चालायचं, नवे बूट घालून घालून पायाला बसवायचे, फोनवर नकाशे बघत पाणी कुठे असेल, जनावर सावलीला कुठे बसत असेल याचे अंदाज बांधायचे. शिकार धनुष्यबाणाची आहे. बाण लांबून चालत नाही, गोठ्याच्या एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत असतं तेवढ्या अंतरावर जनावर यावं लागतं. ते आपण होऊन एवढं जवळ येत नाही, म्हणून त्याला बोलवायचं. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत नर माद्यांसाठी भांडतात. एका नराचा आवाज ऐकला की दुसरा त्याला हुसकायला चालून येतो. तो आवाज माणसाने काढायचा. तोंडात टाळूला एक पातळ पट्टी चिकटवायची, हातात एक लांब नळी धरायची आणि पोटातून फुंकायचं. घरात केलं तर वरच्या मजल्यावरचे लोक दार वाजवत आले. मग मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून सराव करायचो, आणि मला आवाजाचा फक्त पहिला अर्धा भाग यायचा.

चैत्रात घरी आलो तो दादाच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी. मुलगा सापगावचा आहे, वाशिंदला नोकरीला, चांगला आहे. साखरपुड्याला अवकाश होता, पण मी रजा जोडून आधीच आलो. दादाला वाटलं घरच्या ओढीने आलो. तसं पूर्ण खोटं नव्हतं. पण माझ्या सामानात ती शिकारीची पाठपिशवी होती, बूट होते, आणि कपड्यांत गुंडाळून ती नळी होती. मला गावामागचा डोंगर हवा होता. इथे माझ्या शहरात जमीन सपाट आहे. आपल्या डोंगराचा चढ नुसता आठवला तरी पोटऱ्या भरून येतात, आणि तसाच चढ मला पाहिजे होता.

ओझ्याला काय घ्यायचं, तर पहिल्या दिवशी मी वहिनीकडे तांदूळ मागितले. कोठीतले नवे तांदूळ तिने गोणीत भरून दिले, मी ती गोणी पिशवीत घातली आणि उजाडायच्या आधी निघालो. ऊन चढल्यावर परत आलो तेव्हा वहिनी अंगणात भांडी घासत होती.

"कोणाला दिलेत तांदूळ?" तिने विचारलं.

"कोणाला नाही. परत आणले."

"वर नेले न परत आणले?"

"व्यायाम आहे वहिनी. ओझं घेऊन चढायची सवय करतोय."

"भावजी, सवय करायची तर सरपणाच्या मोळ्या आणा की. तांदळाला कशाला फिरवता उगाच." ती हसत म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी मी गोणी उचलली तेव्हा तिने ती माझ्या हातातून घेतली आणि तिच्याऐवजी रेतीचं पोतं दाखवलं. खायची वस्तू अशी नेऊ नये, एवढंच म्हणाली. मी त्या दिवसापासून रेती वाहिली. वाटेत मला वाडीवरच्या बाया भेटायच्या, डोक्यावर मोळी, एका हाताने तोल सांभाळत उतरणाऱ्या. त्या मला बाजू द्यायच्या. माझ्या पिशवीला कमरेवर पट्टा, छातीवर पट्टा, खांद्याला गादी, आणि धाप मला लागलेली. मी दगडावर टेकायचो आणि त्या जाईपर्यंत बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग करायचो.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पाण्याच्या घळीच्या वर, एक खोलगट जागा आहे. तुम्ही तिथे बैल चारायला न्यायचात. तिन्ही बाजूंनी कडे, त्यामुळे आवाज तिथेच घुमतो, गावापर्यंत येत नाही असा माझा समज. पहिल्याच दिवशी मी तिथे नळी काढली. आजूबाजूला कोणी नाही, काचा नाहीत, शेजारी नाहीत. मी पोट भरून श्वास घेतला आणि फुंकलं. आधी खालून घरघर आली, मग आवाज चढत चढत शिळेसारखा झाला, शिळेची किंकाळी झाली, आणि शेवटी पोटातून चार-पाच हुंकार. पार्किंगमध्ये जो अर्धा भाग कधी आला नव्हता तो आला. पाखरं उडाली. मी परत फुंकलं. रोज उजाडताना मी तिथे असायचो, आणि मन भरेपर्यंत ओरडायचो.

गाव ज्या बाजूला आहे तिकडे आवाज जात नव्हता, ते खरंच होतं. पण घळीच्या खालच्या तोंडाशी ठाकरांची वाडी आहे, आणि दिवस मोहाचे होते. मोहाचं फूल पहाटे गळतं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, बाबा. वाडीवरच्या बाया अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, ऊन चढायच्या आणि गुरं यायच्या आत वेचतात, दारात वाळत घालतात, आणि त्यावर त्यांचे पुढचे कितीतरी दिवस निघतात. हे मी लहानपणापासून बघितलंय. मला ते फक्त त्या दिवसांत आठवलं नाही.

कळलं ते वहिनीकडून. सकाळी भाकरी खायला बसलो होतो, दादा, मी, आणि ती चुलीपाशी.

"वाडीवरच्या बाया मोहाला जाईनाशा झाल्यात," ती म्हणाली. "वर घळीत काय तरी वरडतंय म्हणतात. आधी घरघरतं, मग शीळ घालतं, मग रडतं बाईवानी, न शेवटाला खाकरतं."

"बिबट्या असंल," दादा म्हणाला.

"बिबट्या काय शीळ घालतो?"

दादा माझ्याकडे वळला. "तू रोज जातोस ना वर. तुला आलं का काय ऐकू?"

"नाही," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही."

घास तोंडात होता. तो मी चावत राहिलो. खरं सांगायला त्या क्षणी काहीच लागलं नसतं. नळी आतल्या खोलीत होती, आणून दाखवली असती तर तिघं हसलो असतो, दादाने वाडीवर निरोप धाडला असता, आणि दुसऱ्या दिवशी बाया फुलांना गेल्या असत्या. पण मग शिकारीचं सांगावं लागलं असतं. एवढ्या लांबून, एवढा खटाटोप करून मी एक जनावर मारायला चाललोय, आणि त्यासाठी त्याच्यासारखा ओरडायला शिकतोय, हे त्या चुलीपुढे बसून बोलायला माझी जीभ वळेना. मी सगळ्यांना डोंगर चढायला जाणार असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ओरडणं बंद केलं. मला वाटलं, आवाज थांबला की भीतीही थांबेल. पण भीती तशी जात नाही. आवाज आला नाही तर बाया म्हणू लागल्या की ते आता दबा धरून बसलंय. वनखात्याचा माणूस येऊन गेला. त्याने घळीत ठसे शोधले, त्याला बुटांचे ठसे मिळाले, ते माझे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून कोणाच्या मनात काही आलं नाही. अमेरिकेतून आलेला माणूस व्यायाम करतो, तो ओरडेल कशाला. वनखात्याचा माणूस जाताना सांगून गेला की नीट कळेपर्यंत एकटंदुकटं कोणी रानात शिरू नका. मी अजून चढत होतो, आता गावाच्या बाजूने. वरून खाली बघितलं की मोहाच्या झाडांखालची जमीन फिकट पिवळी दिसायची. न वेचलेली फुलं. त्यांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर वर यायचा, आणि मी रेतीचं पोतं घेऊन तसाच पुढे जायचो.

मग वाडीने ठरवलं की रानातल्या देवाला कोंबडा द्यायचा. तो शेंदूर लावलेला दगड तुम्हाला माहीत आहे, आंब्याखालचा. आपलं गावही त्याला मानतं म्हणून दादालाही बोलावणं आलं, आणि दादा म्हणाला, "तू पण चल. पाहुणा म्हणून आलायस, देवाला हात जोड." नाही कसं म्हणणार. मी गेलो. वाडीतली झाडून सगळी माणसं जमली होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, म्हातारे. पूजा करणारा माणूस वयाने फार झाला होता, त्याचा हात आणि आवाज दोन्ही कापत होते. तो दगडाशी वाकून बोलत होता, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "तू कोण हायस ते आमाला कळत नाय. जो असशील तो आपल्या वाटंनं जा. आमच्या बायामाणसांना भिववू नको. आमी तुझं काय घेतलं नाय." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. तो माझ्याशीच बोलत होता, बाबा, आणि मी त्याच्या मागे दहा पावलांवर डोळे मिटून उभा होतो. त्यानंतर कोंबडा कापला, तिथेच रस्सा झाला, पळसाच्या पानांवर भात वाढला. घरटी वाटा निघाला, तुमच्या वेळेला डुकराच्या शिकारीत निघायचा तसाच, न आलेल्या माणसाचाही. पाहुणा म्हणून माझ्या पानावर मोठा तुकडा आला. मी तो खाल्ला. ठेवला असता तर कोणीतरी विचारलं असतं.

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. आपल्या शेतावर लावणीला यायची ती, तुम्ही तिला नावाने हाक मारायचात. माझा चेहरा तिने बराच वेळ निरखला.

"तुझा बापूस असता तर त्यानं सांगितलं असतं कसलं जनावर ते," ती म्हणाली. "त्याला समद्यांची बोली यायची. तितराची, भेकराची. मग सोडलं त्यानं. का सोडलं, काय ठाव."

मला ठाव होतं. मी त्या दिवशी तुमच्याबरोबर होतो. उन्हाळ्याची सकाळ आहे, पिकं राखायला म्हणून परवान्याची बंदूक घेतलेला शेजारी करवंदीच्या जाळीमागे बसलाय आणि तुम्ही माझ्यापुढे उकिडवे बसून ओठांत एक पान धरलंय. भेकर मारायला बंदी आहे, तेव्हाही होती, ते तिघांनाही माहीत आहे. तुम्ही पानातून पिल्लाचा आवाज काढता. बारीक, चिरका, घाबरलेला. दोनदा, तीनदा. आणि ती येते. लपतछपत नाही, धावत येते, आणि आपल्यापुढे येऊन थांबते. कान पुढे, नाक ओलं, मान इकडून तिकडे, पिल्लू कुठे आहे ते शोधतेय. शेजारी तुमच्या हाताची वाट बघतोय, तुम्ही हात वर केला की तो बार काढणार. तुम्ही हात वर करत नाही. तुम्ही पान खाली टाकता आणि मुद्दाम मोठ्याने खोकता. ती उडी मारून गेली. शेजारी तुम्हाला काय काय बोलला, तुम्ही उलट एक शब्द बोलला नाहीत. घरी येताना मी मागून चालत होतो, मला तो आवाज फार आवडला होता, मी एक पान तोडून ओठांत धरलं आणि फुंकलं. तुम्ही वळलात आणि माझ्या तोंडातलं पान काढून घेतलंत. मारलं नाहीत. "तिच्या पोराच्या आवाजात बोलवली मी तिला," तुम्ही म्हणालात. "तिला खोटं सांगितलं. असं पुन्यांदा करायचं नाय. मी पण नाय न तू पण नाय." त्यानंतर तुम्ही हाक्याला गेलात, डबे बडवलेत, ओरडलात, पण तो माणसाचा आवाज होता, जनावराला कळायचं की माणूस आलाय, पळ.

हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी त्यातून माझ्यापुरती पळवाट काढून ठेवली होती. ती आई होती, हा नर आहे. ती मायेने आली, हा भांडायला येतो. तिथे कायद्याने बंदी होती, इथे परवाना आहे. पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करताना मी हे सगळं मनात म्हणायचो आणि ते पटायचं. त्या म्हातारीशेजारी, हात रश्श्याने माखलेला असताना, ते पटेना.

घरी येताना वाटेवर मी दादाला सांगितलं. सगळं सांगितलं, नळी, एल्क, सोडत. तो चालायचा थांबला नाही. तसाच चालता चालता म्हणाला, "न तू हात जोडून उभा ऱ्हायलास."

"हो."

"जेवलास पण."

"हो."

तो पुढे निघून गेला. दाराशी माझी वाट बघत उभा होता. "उद्या वाडीवर जायचं," तो म्हणाला. "तूच सांगायचं. मी नुसता येईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तुमचा मोठा मुलगा माझ्या बाजूला उभा राहिला आणि कबूल केल्याप्रमाणे एक शब्द बोलला नाही. मी सांगितलं की तिकडच्या सांबराला बोलवायचा आवाज मी काढत होतो, घळीत जनावर नव्हतं. कोणाला खरं वाटेना. कोणीतरी म्हणालं, "काढून दाखव." मी पट्टी टाळूला लावली, नळी तोंडाला धरली, आणि भर उन्हात, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या मधे उभा राहून ओरडलो. कुत्रं खाटेखाली शिरलं. एक पोर रडायला लागलं. मग एक तरुण बाई हसली, आणि तिच्यामागून सगळ्या हसल्या, पदर तोंडाला लावून, एकमेकींना धरून. एकीने गाल फुगवून माझ्या तोंडाची नक्कल केली. पूजा करणारा म्हाताराही हसत होता. मला वाटलं, सुटलो. ती लावणीला येणारी म्हातारी मात्र हसली नाही. ती उंबऱ्यावर बसून होती.

"न तो येतो काय, असं वरडल्यावर?" तिने विचारलं.

"येतो. दुसरा नर आलाय असं वाटून येतो."

"न मग?"

"मग बाण मारायचा. मांस पाठीवर घालून खाली आणायचं."

"तिकडं खायला मिळत नाय काय तुमाला?"

"मिळतं," मी म्हटलं.

"मग त्याला बोलवून कशाला घेतोस?"

मला इंग्रजीत उत्तरं येत होती, मित्राबरोबर त्यावर पुष्कळ बोलणं झालं होतं. आपल्या भाषेत त्यातलं एकही धड उभं राहिना. ती उठली. "आमची फुलं कुजली," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर रोज पहाटे मी वाडीवर गेलो आणि बायांबरोबर उरलेली फुलं वेचली. बहर ओसरला होता, झाडाखाली थोडंच पडायचं. वाकून वाकून माझी कंबर धरायची, त्यांच्या चार टोपल्या व्हायच्या तेव्हा माझी एक. मग त्यांनी मला वेचायचं काम सोडायला लावलं आणि भरलेल्या टोपल्या माझ्या पिशवीत ओतायला सुरुवात केली. "पिशवी बरी हाय तुझी," एक जण म्हणाली. मी ती घळीतून वाडीपर्यंत वाहायचो. म्हातारी आपलं गाठोडं माझ्या पिशवीवर ठेवायची आणि पुढे चालू लागायची. त्याने काही भरून आलं नाही. जे कुजलं ते किती होतं ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही.

साखरपुडा चांगला झाला. तोवर ही गोष्ट गंमत होऊन गेली होती. वहिनीने सापगावच्या पाहुण्यांना सांगितलं की आमचे भावजी अमेरिकेत जाऊन सांबरासारखं वरडायला शिकलेत, आणि आख्खा मांडव हसला. मुलाचा काका म्हणाला, होऊन जाऊ दे एकदा. सगळे माझ्याकडे वळले. दादा पानसुपारीचं ताट घेऊन चालला होता, तो तिथेच थांबून म्हणाला, "नाय. ते नाय." त्याचा आवाज असा होता की काकाने लगेच दुसरा विषय काढला. तुमची आठवण झाली. निघायच्या दिवशी दादा मला शहापूरपर्यंत सोडायला आला. वाटेत पावसाचं, भाताच्या बियाण्याचं बोलला. बस यायच्या आधी म्हणाला, "जाणार काय रे तू, त्या शिकारीला?" मी म्हटलं, बघू.

मी जाणार आहे, बाबा. तिकीट काढलंय, बूट आता पायाला बसलेत, आणि आपल्या डोंगरामुळे धाप बरीच कमी झालीये. मित्राला सांगितलं की मला आवाज जमत नाही, तूच काढ. तो म्हणाला, ठीक आहे, मी बोलवतो, तू बाण मार. मग मी म्हटलं, बाणही तूच मार, परवाना तर तुझ्याकडेही आहे, मी वाहीन. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, पण वाहणारा माणूस कोणाला नको असतो. म्हणजे खोटं तो सांगणार आणि त्याच्यामागे मी गुपचूप बसणार, तुमच्या मागे बसायचो तसा. तो मात्र तुमच्यासारखा ऐन वेळी खोकणार नाही. यात मी कुठे सुटलो असं मला वाटत नाही. न जाणं सोपं होतं आणि ते मला जमलं नाही, एवढंच मला कळतं. एवढी वर्षं वाट बघून आता घरी बसवत नाही. म्हातारीला हे ऐकवायची हिंमत नाही, दादाला तर नाहीच, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही गेलात तेव्हा मी कल्याणला कॉलेजात होतो आणि शेवटचं काही बोलणं झालं नाही, त्यामुळे तुमच्याशी बोलायची मला सवय अशी नाहीच. हे कागद कोणाच्या हाती पडू देणार नाही.

एक राहिलं. त्या आंब्याखाली मी डोळे मिटून उभा होतो, तो म्हातारा कापऱ्या आवाजात मला जायला सांगत होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे सगळं खरं आहे. पण त्याच वेळी मनात एक गोष्ट आली होती, आणि ती मी कोणालाही सांगितलेली नाही. सगळी वाडी जनावर समजून भ्यालीये, म्हणजे आवाज अगदी हुबेहूब जमलाय, असं माझ्या मनात आलं, आणि मला बरं वाटलं.